भुईगावात तारा गेला नाही

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याच शाळेतली आताची मुलं भिंतीवरचा तुमचा फोटो बघून "हे कोण?" असं विचारतात, आणि मी मात्र अजून तुमच्याशी भांडतेय. भाजी चिरताना भांडते, कॉलेजात वर्गावर जाताना जिन्यात भांडते, मिस्साला बसले असताना फादर प्रवचन करत असतात तेव्हासुद्धा भांडते. या महिन्यात आमच्याकडे जे काही झालं त्यानंतर वाटलं, एकदा कागदावरच भांडून घ्यावं. मीही आता तुमच्या वयाला टेकायला आले आहे, तेव्हा जरा बरोबरीनं बोलेन. राग मानू नका, आणि मानलात तरी आता तुम्ही माझं काय वाकडं करणार आहात?

भांडण कशावरून ते तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं. मी अकरावीत आहे. भुईगावच्या रस्त्यावर संध्याकाळ उतरलीय आणि तुम्ही आम्हाला रस्त्याच्या कडेनं लांबलांब उभं करत सायकलवरून फिरता आहात. चंद्राच्या काळ्या कडेला घासून एक तारा जाणार आहे. ती कड काही गुळगुळीत नाही, तिच्यावर डोंगर आहेत, आणि डोंगराआड तारा लपणार, दरीतून डोकावणार, पुन्हा लपणार. कोण कुठे उभा आहे त्यावर त्याला कोणता डोंगर आडवा येतो हे ठरणार, आणि सगळ्यांच्या वेळा एकत्र केल्या की इथल्या रस्त्यावर उभं राहून चंद्राच्या कडेचे डोंगर मोजता येणार. गल्फमध्ये माणसं असलेल्या घरांतून तुम्ही टेपरेकॉर्डर मागून आणले होते. शेजारी ट्रान्झिस्टरवर वेळेची टिकटिक चालू, आणि आम्ही डोळा दुर्बिणीला लावून बोलत राहायचं. तारा दिसतोय तोवर "आहे, आहे, आहे", दिसेनासा झाला की "गेला", परत दिसला की "आला". गप्प बसायचं नाही, कारण गप्प बसलेला माणूस बघत होता की डुलकी काढत होता ते टेपवरून कळत नाही, असं तुमचं म्हणणं. आणि दुसरा नियम, सगळ्यांच्या नोंदी तुमच्या हातात पडेपर्यंत आपसांत एक अक्षर बोलायचं नाही. एकाला काय दिसलं ते ऐकलं की दुसऱ्यालाही तेच दिसल्यासारखं वाटायला लागतं.

दुसऱ्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळे. तुमच्या बाई कढईत मैद्याचे गोळे सोडून फुगे तळतायत, तुम्ही टेबलावर कोपरं टेकून एकेक टेप ऐकताय. माझी टेप तुम्ही दोनदा ऐकलीत. माझ्या टेपमध्ये मधेच एक जास्तीचं "गेला" आणि लगेच "आला" होतं. माझ्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मुलांच्या टेपमध्ये ते नव्हतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हे मधलं धरत नाही. पापणी लवली असेल. मुलींच्या पापण्या जरा जास्तच लवतात." पोरं हसली. बाई झाऱ्यातलं तेल निथळवत म्हणाल्या, "अहो, तिला विचारा तरी." तुम्ही नाही विचारलंत. पुढची टेप लावलीत. मी फुग्यांना हात लावला नाही, आणि त्या दिवसापासून चंद्राच्या कडेवरचा माझा एक डोंगर तुमच्या नावावर बाकी आहे.

पुढे मी कॉलेजात लागले तेव्हा तुम्ही स्कूटरवर मागे गोधडीत गुंडाळून तुमची दुर्बीण घेऊन आलात. "माझ्याकडे नुसती पडून राहील, तुझ्याकडे असू दे," म्हणालात. मला वाटलं आता काहीतरी बोलाल. पाणी मागितलंत, प्यालात आणि गेलात. दुर्बीण मी जिवापाड सांभाळली आणि राग तिच्याहून जास्त. दोन्ही अजून धडधाकट आहेत.

आता या महिन्याचं ऐका. मंगळ आणि गुरूच्या मधे फिरणारा एक दगड, वसई तालुका झाकून वर थोडा उरेल एवढा, एका ताऱ्याच्या बरोब्बर समोरून जाणार होता. याला पिधान म्हणतात हे तुम्हीच शिकवलेलं. आम्हाला तेव्हा तुम्ही उदाहरण दिलं होतं ते मी अजून वर्गात देते. पलीकडच्या घरात दिवा लागलाय, मधल्या रस्त्यानं एसटी गेली, दिवा जितका वेळ झाकला गेला त्यावरून, एसटीचा वेग माहीत असेल तर, तिची लांबी सांगता येते, एसटी दिसली नाही तरी चालतं. तो दगड कितीही मोठ्या दुर्बिणीतून ठिपक्यापलीकडे दिसत नाही. पण ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पृथ्वीवर पडते आणि पळत जाते, आणि ती सावली दगडाएवढीच रुंद असते. सावलीच्या वाटेत दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत माणसं बसवली, कोणाचा तारा किती वेळ गेला ते लिहून घेतलं, की दगडाचा आकार कागदावर उमटतो. आणि यावेळची सावली समुद्रावरून येऊन नेमकी आपल्या तालुक्यावरून जाणार होती. सर, एवढी वर्षं मी या छंदात आहे, सावली अशी दारात येते असं कधी झालेलं नाही.

तीन ठिकाणं ठरली. दक्षिणेला पाचूबंदर, तिथे माझ्या कॉलेजातली एक तरुण सहकारी कॅमेरा लावून. उत्तरेला चांदीप, तिथे तिच्या मावशीच्या शेतावर दुसरा कॅमेरा घेऊन मी. मधे भुईगावला, आमच्याच वाडीत, एक निवृत्त पोस्टमास्तर तुमच्या दुर्बिणीवर बसणार होते. तिसरा कॅमेरा आमच्याकडे नाही, म्हणून तिथे डोळा आणि मोबाइलवर आवाज, तुमच्याच पद्धतीनं. आयत्या वेळी पोस्टमास्तरांच्या गुडघ्यानं दगा दिला. घरात उरला माझा नवरा. "मी बसतो की," तो म्हणाला. "नुसतं आहे-आहे म्हणायचं ना? तीस वर्षं ऑफिसात तेच केलं."

इथे तुम्हाला एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गेल्या वर्षापासून त्याचं काहीतरी बिनसलंय. दूध गॅसवर ठेवून वाडीत निघून जातो. बाजारातून दुसऱ्याच कोणाचं हेल्मेट डोक्यावर घालून आला. आणि एका रविवारी मिस्साहून परतताना, ज्या गावात जन्मला त्या भुईगावात, दुसऱ्याच गल्लीत शिरला आणि एका बंद फाटकासमोर उभा राहिला, कोणीतरी हात धरून घरी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, वयाचंही असू शकतं, नसूही शकतं, सहा महिन्यांनी बघू. तेव्हापासून घरात आम्ही दोघं त्या विषयाला वळसा घालून चालतो. तो विनोद करतो, मी हसते, आणि तो पाठ फिरवून गेला की गॅसचा खटका बघून घेते. त्याला ते कळतं, हे मला माहीत आहे.

म्हणून त्यानं मी बसतो म्हटल्यावर मला नाही म्हणता आलं नाही. आम्ही चार-पाच संध्याकाळी तालीम केली. तो तारा शोधायचा, आहे-आहे सुरू करायचा, आणि मी मागून गुपचूप दुर्बिणीच्या तोंडाशी हात धरायचे. "गेला!" तो ताबडतोब म्हणायचा, आणि पाठोपाठ, "तुझा हात आहे तो. लसणाचा वास येतोय." एकदाही चुकला नाही. कित्येक महिन्यांत मी त्याला इतकं खुशीत बघितलं नव्हतं.

त्या दिवशी मी दुपारीच चांदीपला गेले. भात निघून गेलेल्या शेतात वाल फुलला होता, बांधावर मी कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं. दिवेलागणीनंतर तासाभरात सावली येणार होती आणि सूर्य बुडता बुडता डोंगराकडून एक पांढुरका पट्टा वर सरकायला लागला. ढग म्हणावा तर ढग नाही, धूर म्हणावा तर धूर नाही. माझ्या सहकारीच्या मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "पानी प्या ताई. घाबरल्यासारक्या का दिसता? तारा कुटं पलून जानारे का?" मी म्हटलं, "मावशी, पळून जाणारच आहे, दोन सेकंदांसाठी. आणि तेवढ्यात ढग आला तर परत नाही बघायला मिळणार." त्या आभाळाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मग घराकडे तोंड करून ओरडल्या, "अंगनातली लाइट बंद करा सगल्यांनी!" तिकडे बंदरावरून फोन आला की समोरच्या होडीवर झगझगीत दिवा आहे आणि होडीवाला म्हणतोय, "दिवा इजवतो मी, पन दोनच मिन्टं, मंग लावून जानार." मी सहकारीला म्हटलं, पाया पड पण थांबव त्याला. भुईगावला फोन केला नाही. केला असता तर माझ्या आवाजातली धास्ती त्याला ऐकू गेली असती.

मग ती शेवटची दोन-तीन मिनिटं. तुम्हाला ती माहीत आहेत. जगात दुसरं काही उरत नाही. पडद्यावर तो बारका ठिपका लुकलुकतोय, पांढुरका पट्टा त्याच्या खाली बोटभर अंतरावर येऊन थांबलाय, दूर कुठेतरी कुत्रं भुंकतंय. ठिपका गेला. असा गेला जसा कोणी बटण दाबावं. मला एक सेकंद मोजताही आला नाही आणि तो परत आला. मी तिथेच बांधावर खाली बसले. मावशी म्हणाल्या, "झाला का?" मी म्हटलं, "झाला." त्यांनी घराकडे ओरडून लाइट लावायला सांगितली.

नोंदी कॅमेऱ्यात पक्क्या झाल्यावर मी बंदरावर फोन लावला. तिचाही तारा गेला होता. ती फोनवर नाचत होती, मागे होडीचं इंजिन ऐकू येत होतं. तिची वेळ आणि माझी वेळ जवळजवळ सारखी, आणि दोन्ही अंदाजापेक्षा तोकड्या. दोन्ही टोकांना तोकडं, म्हणजे मधे लांब. बटाट्याची टोकं बारीक आणि मधे पोट, तसं. गोल कसा छान बसणार होता! फक्त भुईगावचं पोट यायचं बाकी होतं, आणि ते सगळ्यात मोठं असणार होतं. घरी येईपर्यंत गाडीत मी गाणं गुणगुणत होते.

तो ओट्याजवळ उभा राहून चहा करत होता. मला बघून म्हणाला, "काम फत्ते! एकदाही बोलायला चुकलो नाही. तारा जागचा हलला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आहे तो आहे. गेलाच नाही. तूच म्हणाली होतीस ना, नाही गेला तर तीही नोंदच असते." माझ्याकडे बघता बघता त्याचं हसू विरत गेलं. "का? तुझ्याकडे गेला?"

मी मान हलवली.

"आणि बंदरावर?"

"तिथेही."

चहाला अजून उकळी आली नव्हती, तरी त्यानं गॅस बंद केला. "म्हणजे माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि मला कळलं नाही."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"तू म्हणायची काय गरज आहे? तोंड दिसतंय ना मला तुझं. डोकं गेलंय माझं, सरळ बोल की. सहा महिने थांबायचं कशाला? डॉक्टरला उद्याच सांगून टाक, तारा गेला आणि हा आहे-आहे करत बसला होता."

मी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून त्याचा आवाज ऐकत होतो. वेळ सांगणारी टिकटिक, शेजारच्यांचं फाटक, एक स्कूटर, आणि त्याचं शांत, एका लयीतलं "आहे, आहे, आहे." ज्या क्षणी चांदीपला माझा ठिपका विझला त्या क्षणावरून त्याचा आवाज जराही न अडखळता पुढे गेला. मी ते परत लावलं. मग परत. तो आत निघून गेला, आणि ओट्यावरचा अर्धा कच्चा चहा तसाच राहिला.

सर, अशा वेळी काय काय होऊ शकतं ते तुम्ही जाणता. एक, तोंडाला सवय लागते आणि तारा गेला तरी आहे-आहे चालूच राहतं. पण तालमीत माझा हात त्यानं दर वेळी पकडला होता. दुसरं, तो दगड एक नसून दोन असतील, एकमेकांभोवती फिरणारे, एकाची सावली बंदरावर, दुसऱ्याची चांदीपवर, आणि मधल्या फटीत भुईगाव. असे जोडदगड आहेत, सापडलेत. पण आमच्यासारख्यांनी एका डोळ्याच्या भरवशावर तसं म्हणणं म्हणजे चारचौघांत हसं करून घेणं. आणि तिसरं माझ्या लक्षात आलं तेव्हा मी अंथरुणात उठून बसले. तुमच्या दुर्बिणीच्या मागच्या टोकाला तो तिरका आरसा आहे, मान मोडू नये म्हणून लावलेला. त्यात डावं उजवं होतं आणि उजवं डावं. आणि मी त्याला दिलेला नकाशा साध्या डोळ्यांचा होता, आरशाचा नव्हता. नकाशात ताऱ्यांचा एक छोटा त्रिकोण, त्याच्या एका बाजूला आपला तारा, आणि बरोब्बर दुसऱ्या बाजूला तसाच, तेवढ्याच तेजाचा, दुसरा. कागद उलटा करून मागून बॅटरी धरली तरच नकाशा आरशाशी जुळतो. तालमीत मी त्याला ते दाखवलं होतं, आणि तेव्हा मी शेजारी होते. त्या दिवशी मी चांदीपला होते.

सकाळी विचारलं, "कागद उलटा धरला होतास का?" तो म्हणाला, "धरला असेल." "असेल म्हणजे?" "आठवत नाही मला," तो म्हणाला, आणि आमच्या घरात या वाक्याचा अर्थ आता काय होतो ते दोघांनाही माहीत असल्यामुळे मी नकाशाची घडी घालून ठेवली.

पुढचे दिवस वाईट गेले. धुकं आणि धूर, रोज संध्याकाळी आभाळ मळलेलं. अशा नोंदी गोळा करणाऱ्या संस्थेला अहवाल आठवड्यात पाठवायचा होता. सहकारी कॉलेजात माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, अंकलची नोंद नको टाकूया ना. कोणी विचारणार नाही. मधे ढग होता म्हणायचं. आपला गोल इतका परफेक्ट बसतोय." तिनं लॅपटॉपवर तो दाखवला. खरंच देखणा होता, अगदी लाडवासारखा. आमच्या चिमुकल्या गटाचा पहिला अहवाल, आणि त्यात असा स्वच्छ आकार. मी म्हटलं, बघू. घरी आले तर मोरीतून आवाज येत होता. तो अंघोळ करता करता एकोणिसाचा पाढा म्हणत होता. एकोणीस सत्तेवर अडला, मागे गेला, परत सुरुवातीपासून म्हणायला लागला. मी बाहेर टॉवेल हातात घेऊन उभी राहिले आणि मला तुमचा असा राग आला, सर, की काय सांगू. तुम्ही माझा डोंगर पुसलात तेव्हा मी सोळा वर्षांची होते, माझ्यापुढे अख्खं आयुष्य होतं. याच्यापुढे काय आहे? याची नोंद मी पुसली तर ती नुसती नोंद नसेल. त्यालाही तसंच वाटेल, आणि खरं सांगायचं तर मलाही.

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारपासून खारा वारा सुटला आणि आभाळ धुऊन निघालं. संध्याकाळी त्यानंच गोधडी सोडून दुर्बीण अंगणात आणली. "घे माझी परीक्षा," म्हणाला. "तोच कागद दे. काही सांगू नकोस. आणि माझ्याकडे बघत उभी राहू नकोस, तुझ्या तोंडावर सगळं उमटतं."

मी त्याला कागद आणि बॅटरी दिली आणि विहिरीकडे तोंड करून उभी राहिले. मागे तिकाटण्याचे पाय घासले. मग बराच वेळ काहीच नाही. कागदाची सळसळ झाली, थांबली, परत झाली. उलटला? की नुसताच चाचपला? मला वळून बघावंसं वाटत होतं आणि मी विहिरीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. त्याचा श्वास ऐकू येत होता. शेजारच्यांकडे रोझरीची प्रार्थना सुरू झाली, तिचे सूर कुंपणावरून येत होते, आणि तो अजून शोधतच होता. मला वाटलं, तो कुठेतरी हरवलाय, त्या गल्लीत हरवला तसा, आणि मी त्याला हात धरून आणायला हवं. तेवढ्यात तो म्हणाला, "बघ."

मी गेले, वाकले, डोळा लावला. त्रिकोण होता. आणि दुर्बिणीच्या मधोमध त्यानं आणून ठेवलेला तारा त्रिकोणाच्या डाव्या अंगाला होता. नकाशात आपला तारा उजवीकडे. तो चुकला होता. आणि सर, मला हायसं वाटलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं, आतून. चला, सुटले, तारा चुकीचा होता, दगड एकच आहे, गोल बसतो. हे सगळं माझ्या मनात उमटून गेलं, आणि तो माझ्या मागे उभा होता.

मग आरसा आठवला. डावं उजवं होतं. माझ्या हातात कागद नव्हता, डोक्यात नकाशा होता आणि तो मी उलटायला विसरले होते. मी, जिनं त्याला आठवडाभर तोच प्रश्न विचारून हैराण केलं होतं. परत बघितलं, त्रिकोणाच्या टोकदार कोपऱ्यापासून एकेक तारा ओळखत आले. बरोबर होता. तोच होता.

मी उठायला उशीर केला म्हणून तो म्हणाला, "चुकलो ना?" अगदी हळू आवाजात, शाळेतल्या मुलासारखा.

"नाही. बरोबर आहे. तोच आहे."

"नक्की?"

"नक्की."

तो कपडे धुवायच्या दगडावर बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्या दिवशीही तोच असणार. गेलाच नाही मग तो." आणि थोड्या वेळानं, "थंडी वाजतेय. आत जाऊया."

अहवाल मी त्याच रात्री पाठवला, तिन्ही नोंदींसकट. नकाशा आणि आरशाची गोष्टही लिहिली, परीक्षेचीही लिहिली, आणि दगड दोन असू शकतील असं एक वाक्य घातलं. आमचा देखणा गोल मोडला. सहकारी जरा हिरमुसली, पण तिनं सही केली. उत्तर आलं ते दोन ओळींचं, नोंदी मिळाल्या, आभारी आहोत. एक दगड की दोन, ते पुढे कोणीतरी कुठेतरी परत सावलीत बसेल तेव्हा कळेल. डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात जायचं आहे. एक तारा सापडला म्हणून दुधाचा टोप करपायचा थांबत नाही, कालच करपला. पण तो आता येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगत असतो की आपल्या भुईगावातून तारा गेला नाही, बंदरावरून गेला, चांदीपवरून गेला, इथून नाही गेला.

आणि तुम्ही, सर. त्या दिवशी स्वयंपाकघरात माझी टेप दोनदा ऐकून तुम्ही बाजूला ठेवलीत तेव्हा तुम्हालाही असंच हायसं वाटलं होतं का? मला विचारलं असतंत तर मी कदाचित बरोबर निघाले असते, आणि मग तुमची चंद्राची कड नीट जुळली नसती. एवढी वर्षं मी समजत होते की तुम्हाला माझ्या डोळ्यांचा भरवसा नव्हता. आता वाटतं, भरवसा होता, म्हणूनच नाही विचारलंत. तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. फुगे अजून बाकी आहेत.

हा कागद तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी पाठवला नसता, कारण वाटेत तो नवऱ्याच्या हाती लागला असता. त्याला मी सगळं सांगितलंय, आरसा, नकाशा, मी स्वतः कशी गोंधळले ते, आणि तो त्यावर पोट धरून हसला. फक्त तो चुकलाय असं वाटलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं, एवढंच सांगितलेलं नाही.